केबलवर कापड टाका : ऑडिओ मासिकाच्या संपादकांना आणि समीक्षकांना खुलं पत्र

माननीय संपादक आणि समीक्षक मंडळी,

स.न.वि.वि.

मी 19 वर्षांपासून तुमच्या मासिकाचा वर्गणीदार आहे. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि संध्याकाळी दार लावून गाणं ऐकणं हे माझं सुख. दोन्हीत तुमच्या मासिकाने मला पुष्कळ शिकवलं. स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवावा, खोलीतला घुमारा कसा ओळखावा, हे मी तुमच्याच पानांतून शिकलो. म्हणून हे पत्र लिहिताना जड वाटतंय.

गेल्या अंकात तुम्ही एका पॉवर केबलला, म्हणजे भिंतीच्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वीज नेणाऱ्या तारेला, वर्षातल्या सर्वोत्तम साधनाचा मान दिलात. त्याच अंकाच्या संपादकीयात जाहीर केलंत, की केबलच्या परीक्षणासाठी तुम्ही ब्लाइंड टेस्ट, म्हणजे कुठली केबल लागली आहे हे ऐकणाऱ्याला न कळू देता घेतलेली चाचणी, घेणार नाही आणि या विषयावरचा वाचकांचा पत्रव्यवहार आता बंद करत आहात. मान देण्याचा निर्णय मी वाचून सोडून दिला असता. पत्रव्यवहार बंद करण्याचा मात्र मला मान्य नाही, कारण त्या पत्रव्यवहारात माझंही एक पत्र आहे आणि ते अर्धवट राहिलं आहे.

सहा वर्षांपूर्वी मी एक महागडी पॉवर केबल घेतली, बोटाएवढी जाड आणि वळवायला अवघड. ती लावून पहिल्याच रात्री तानपुऱ्याची जवारी अशी उलगडली की मी तडक उठून तुम्हाला पत्र लिहिलं. ‘पार्श्वभूमी काळीभोर झाली, सूर अंधारातून वर आल्यासारखे वाटतात,’ असे माझे शब्द होते. तुम्ही ते चौकटीत छापलंत. दीड वर्षानंतर मी दुसरं पत्र पाठवलं. ती केबल मी झाकून ऐकली होती आणि मला काहीही ओळखता आलं नव्हतं, हे त्यात आकड्यांसकट होतं. ते तुम्ही छापलं नाहीत. दोनदा आठवण केली, उत्तर आलं नाही. आज तुमच्या जुन्या अंकांत माझं कौतुक शिल्लक आहे आणि माझी दुरुस्ती कुठेच नाही. ते कौतुक वाचून कुणी केबल घेतली असेल तर त्यात माझाही हात आहे, आणि तो मला बोचतो.

तर तुम्ही न छापलेलं ते सगळं इथे सांगतो.

सुरुवात माझ्या मुलीच्या प्रश्नाने झाली. “बाबा, मी तुला न सांगता केबल बदलली तर ओळखशील?” मी म्हटलं, डोळे मिटून ओळखेन. तिने ॲम्पच्या मागच्या बाजूला चादर सोडली, मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. नाणं उडवायचं, छापा पडला तर जाड केबल, काटा पडला तर ॲम्पबरोबर खोक्यात आलेली साधी केबल. व्हॉल्यूमचं बटण चिकटपट्टीने पक्कं केलं. प्रत्येक वेळी गाण्याचा तोच 40 सेकंदांचा तुकडा. अशा 16 फेऱ्या. तिच्या वहीत तिची नोंद, माझ्या वहीत माझी. शेवटी वह्या शेजारी ठेवल्या, तर माझ्या 16 पैकी 14 बरोबर. नुसत्या नशिबावर 14 किंवा त्याहून जास्त बरोबर येणं हजारात साधारण दोनदा घडतं. त्या रात्री आनंदाने मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, जाड केबल खोचताना मला जोर लावावा लागतो. ॲम्प मागे सरकतो.” मी जाऊन पाहिलं. फळीवर ॲम्पच्या रबरी पायांचे नवे ओरखडे होते. जाड केबल आत जाताना ते पाय फळीवर करकरत होते, आणि पाठ करून बसलेला मी गाणं सुरू होण्याआधीच ती करकर ऐकत होतो. मला ती ऐकल्याचं आठवतही नव्हतं. उत्तर मात्र तिनेच दिलं होतं.

मग आम्ही चाचणी नव्याने बांधली. केबल बदलताना मी दुसऱ्या खोलीत, दार बंद. नाणं काहीही सांगो, प्रत्येक वेळी केबल काढायची, दोन्ही हातात घ्यायच्या, हवी ती लावायची आणि घड्याळ लावून बरोबर 60 सेकंदांनी मला हाक मारायची. मी आत येण्याआधी मुलीने दुसऱ्या दाराने बाहेर जायचं, म्हणजे तिचा चेहराही मला दिसणार नाही. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने बर्लिनमधल्या ‘हान्स’ नावाच्या घोड्याचं गणित असंच उलगडलं होतं. घोडा बेरीज करत नव्हता. विचारणाऱ्याच्या मानेची सूक्ष्म हालचाल पाहून तो खूर आपटायचं थांबवत होता, आणि आपण मान हलवतो हे विचारणाऱ्यालाही माहीत नव्हतं. डबल ब्लाइंड चाचणीत दोन्ही बाजू अंधारात ठेवतात त्या याचसाठी.

या वेळी 16 पैकी 7. पुढच्या रविवारी पुन्हा 16 फेऱ्या घेतल्या, त्यात 8. मिळून 32 पैकी 15.

आकड्यांपेक्षा मला माझ्याच वहीने हलवलं. तिसऱ्या फेरीसमोर माझ्या अक्षरात लिहिलंय : ‘जाड. नक्की. जवारी बघ.’ ती साधी केबल होती. मी अंदाज मारत नव्हतो. मला फरक ऐकू येत होता, अंगावर काटा येण्याइतका. तो फरक केबलमध्ये नव्हता, एवढंच. म्हणून तुमचे समीक्षक खोटं लिहितात असं मी कधीही म्हणणार नाही. ते ऐकतात तेच लिहितात, याची मला खात्री आहे, कारण मीही तेच केलं होतं.

एक रास्त शंका उरत होती. 60 सेकंदांत कानाची बारीक आठवण पुसली जाते, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पॉवर केबल बदलायची तर ॲम्प बंद करावाच लागतो, आणि या चाचणीतली खरी अडचण तीच. म्हणून माझ्या कामाच्या टेबलावर एकाच मॉडेलचे दोन ॲम्प मांडले. एकाला ही केबल, दुसऱ्याला ती. दोन्हींचं आउटपुट मीटरवर 0.1 डेसिबलच्या आत जुळवलं, म्हणजे 1 व्होल्टला 12 मिलिव्होल्टचाही फरक नको. आवाज जरासा मोठा असला की कानाला तो ‘चांगला’ वाटतो, म्हणून ही काळजी. स्पीकरच्या बाजूला रिले लावला, की बटण दाबताच इकडचा ॲम्प जाऊन तिकडचा येतो. निम्म्या फेऱ्यांनंतर केबलची अदलाबदल केली, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा फरक असेल तर तो केबलच्या नावावर जमा होणार नाही. 16 पैकी 9 आले.

एका माणसाचे कान हा काही पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण हे माझ्या एकट्याचं नाही. 2004 साली अमेरिकेतल्या एका ऑनलाइन ऑडिओ मासिकाने हौशी ऑडिओप्रेमींच्या मंडळाला बरोबर घेऊन महागडी पॉवर केबल आणि साधी पॉवर केबल यांची ब्लाइंड टेस्ट घेतली होती. ते लोक केबलचे विरोधक नव्हते, फरक ऐकू येईल अशाच अपेक्षेने पुष्कळजण आले होते. एकूण 149 उत्तरांपैकी 73 बरोबर आली. म्हणजे 49 टक्के. त्या मासिकाने तो आकडा छापला, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो यासाठी.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार परीक्षणाच्या पद्धतीची. केबल खोक्यातून निघते, समीक्षक तिचं वजन हातात तोलतो, माहितीपत्रक वाचतो, किंमत बघतो, आणि मग ऐकायला बसतो. ऐकण्याआधीच अर्धं परीक्षण लिहून झालेलं असतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 साली 40 श्रोत्यांना चार स्पीकर आधी दाखवून आणि मग पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत होते तेव्हा गुण रूपाला आणि नावाला पडले. इतकंच नव्हे, स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात पडणारा खराखुरा फरकही बघत ऐकणाऱ्यांना नीट जाणवला नाही. पडदा आल्यावर तो जाणवला. हे स्पीकरच्या बाबतीत, जिथे फरक ढळढळीत असतो. केबलच्या बाबतीत डोळ्यांचं पारडं किती जड होत असेल, ते बघण्याची तुमच्याकडे सोय आहे. तुम्ही ती वापरत नाही.

दुसरी तक्रार तुमच्या संपादकीयातल्या त्या वाक्याबद्दल, की ब्लाइंड टेस्टच्या ताणाने कान बधिर होतो आणि सूक्ष्म फरक हरवतात. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण तुम्हाला हा इतिहास माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवा. आधी ए, मग बी, आणि मग त्या दोघांपैकी कुठला ते न सांगता ऐकवलेला एक्स ओळखायचा, ही चाचणीची रीत बेल लॅबोरेटरीजच्या मन्सन आणि गार्डनर यांनी 1950 मध्येच मांडली. डेव्हिड क्लार्क यांनी 1982 मध्ये तिचा डबल ब्लाइंड स्विचबॉक्स ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लिहिला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीएस 1116 ही शिफारस तर आवाजातली बारीकातली बारीक खोट शोधण्यासाठीच आहे, आणि तिचा पायाच डबल ब्लाइंड ऐकणं हा आहे. आज सगळं जग ज्या कोडेकमधून, म्हणजे आवाज लहान फाइलमध्ये बसवणाऱ्या पद्धतींमधून, संगीत ऐकतं, ते अशाच चाचण्यांतून तावून सुलाखून निघाले. टाळीच्या आवाजाआधी येणारी पुसटशी फसफस, डेसिबलच्या अंशाइतका पातळीतला फरक, हे तयार कानांनी पडद्याआड बसून पकडलं आहे. मग तोच कान, तोच पडदा, आणि फक्त केबल समोर आली की बधिरता येते, हे कसं मानायचं? तुम्ही लिहिता तो फरक तर ‘पहिल्याच सुराला’ कळणारा असतो.

शिवाय ताणावर उपाय आहे. वेळेचं बंधन घालू नका. समीक्षकाच्या स्वतःच्या घरी, त्याच्या खुर्चीत, त्याच्या आवडीचं संगीत, हवं तर एका केबलला आठवडा द्या. फक्त कुठली केबल लागली आहे ते त्याला सांगू नका.

तिसरी तक्रार, तांत्रिक खुलासे तुम्ही न तपासता छापता. मी सोल्डरिंगचा धूर खाणारा माणूस आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

केबलमधली वीज स्पीकरपर्यंत थेट जात नाही. साध्या ॲम्पमध्ये ती ट्रान्सफॉर्मरमधून जाते, रेक्टिफायर तिची दिशा एकसारखी करतो, आणि मोठे कपॅसिटर टाकीसारखे ती साठवतात. 50 हर्ट्झच्या मेन्सवर ही टाकी सेकंदाला 100 वेळा भरते. ॲम्प पितो तो टाकीतून. टाकीच्या पातळीत 100 हर्ट्झची लहर असतेच, आणि ती आवाजात उतरू नये अशीच पुढची रचना केलेली असते. ती उतरली तर ॲम्पमध्ये बिघाड आहे, आणि तो आम्ही दुरुस्त करतो.

आता केबलचा हिशोब. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण 12 मिलिओहम. दीड मीटरची केबल, जाऊन येऊन तीन मीटर, म्हणजे 40 मिलिओहमच्याही आत. ॲम्प 2 अँपिअर ओढत असेल तर केबलमध्ये हरवतो तो 0.08 व्होल्टच्या आसपास, 230 व्होल्टमधून. घरातल्या फ्रीजची मोटर सुरू झाली की यापेक्षा जास्त हलतं. चांदी तांब्याहून साधारण 6 टक्क्यांनी बरी वाहक, म्हणजे या 0.08 मधले 5 मिलिव्होल्ट वाचतील. ‘स्किन इफेक्ट टाळणारी रचना’ असं तुम्ही त्या परीक्षणात छापलंत. स्किन इफेक्ट म्हणजे बदलता प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळ गोळा होणं. 50 हर्ट्झला तांब्यात प्रवाह ज्या खोलीपर्यंत शिरतो ती 9 मिलिमीटरहून जास्त असते, आणि आपल्या तारेचा व्यासच दीड मिलिमीटर भरत नाही. ती तार पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत सगळीच्या सगळी वापरली जाते. केबलवरचा दिशेचा बाण तर मला समजूच शकत नाही. त्या तारेत प्रवाह सेकंदाला 100 वेळा दिशा बदलतो.

भिंतीतली वायरिंग साधी असली तरी शेवटचा दीड मीटर महत्त्वाचा, कारण ॲम्पच्या बाजूने तो पहिला, असा युक्तिवाद तुमच्या पानांत नेहमी येतो. रोधाच्या बाबतीत तो चालत नाही. एकामागोमाग एक जोडलेल्या तारांचे रोध फक्त बेरजेत येतात, त्यात पहिलं शेवटचं काही नसतं. बाहेरून येणाऱ्या रेडिओलहरींच्या बाबतीत मात्र केबल कुठे आहे याने फरक पडू शकतो, हे मी मान्य करतो. मग तो मोजा. ॲम्पच्या आउटपुटला या केबलने किती गोंगाट आला आणि त्या केबलने किती, हे मोजणारं साधन तुमच्या प्रयोगशाळेत आहे. ॲम्पच्या परीक्षणात त्याचे आलेख तुम्ही छापता. केबलच्या पानावर एकही आलेख नसतो.

केबलने कधीच फरक पडत नाही, असं कुठलाही दुरुस्तीवाला म्हणणार नाही. ढिल्या सॉकेटमध्ये ठिणगी उडून स्पीकरमधून कडकड येते, ती मी दर महिन्याला ऐकतो. लेबलवर 10 अँपिअर लिहिलेली आणि आत केसासारखी तार असलेली बनावट केबल हाताला गरम लागते, ती फेकून द्यायलाच हवी. पॉवर केबल आणि सिग्नलची तार एकमेकींना चिकटून लांबवर नेली तर हम, म्हणजे विजेची गुणगुण, येऊ शकतो. हे सगळं मीटरवर दिसतं, आणि साध्या, प्रमाणित, घट्ट बसणाऱ्या केबलने सुटतं.

चौथी तक्रार ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. तुमच्या समीक्षकांनी लिहिलंय, की ज्याला फरक ऐकू येत नाही त्याची यंत्रणा तेवढी पारदर्शक नाही, किंवा त्याचा कान अजून तयार झालेला नाही.

माझ्या शेजारी एक काका राहतात. वयाची सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर गाण्यात रमलेले. त्यांच्या ॲम्पमधून एक बारीक गुणगुण यायची. गाणं हळू झालं की पुढे येणारी. तुमच्या अंकातली माझी ती चौकट त्यांनी कापून ठेवली होती. ती वाचून, बरेच महिने पैसे बाजूला टाकून, त्यांनी तीच जाड केबल घेतली. मला सांगितलं नाही, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या घरातून गाणं ऐकू आलं नाही. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “माझे कान गेले का रे? मला काहीच वेगळं ऐकू येत नाही. आणि ती गुणगुण आहे तशीच आहे.”

मी त्यांच्याबरोबर गेलो. ॲम्पमागे हात घालून टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची केबल काढली, आणि गुणगुण त्या क्षणी थांबली. साधा ग्राउंड लूप होता. बाहेरून येणाऱ्या केबलचं अर्थिंग एकीकडे, ॲम्पचं दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मधल्या फरकाने सिग्नलच्या तारेतून प्रवाह फिरत होता. त्या केबलच्या वाटेत एक छोटा आयसोलेटर बसवला, काम झालं. (अशा वेळी काहीजण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. कृपया कुणीही ते करू नका. गुणगुण जाते, पण ॲम्पमध्ये बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या खोक्यात वीज उतरते आणि हात लावणारा मरू शकतो. हे मासिकात मोठ्या अक्षरांत छापायला हवं.)

काकांचे कान गेले नव्हते. ती गुणगुण त्यांनी घरातल्या इतर सगळ्यांच्या आधी पकडली होती. केबलने काही बदललं नाही हेही त्यांनी बरोबर ऐकलं होतं. त्या दिवशी त्या खोलीतले सर्वांत विश्वासू कान त्यांचेच होते, आणि त्याच कानांवर ते महिनाभर संशय घेत बसले. गाणं बंद करून. तुमच्या त्या एका वाक्यामुळे, आणि माझ्या चौकटीमुळे. मी त्यांची माफी मागितली आहे. तुम्ही अजून मागितलेली नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात. केबल परीक्षणासाठी कुणी दिली, ती परत गेली की समीक्षकाकडेच राहिली, त्याच अंकात त्याच उत्पादकाची जाहिरात आहे का, हे वाचकाला कळत नाही. मी कुणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण न सांगितल्यामुळे शंका येते, आणि ती प्रामाणिक समीक्षकांवरही येते.

आणि शेवटची तक्रार पत्रव्यवहार बंद करण्याची. वाचकांना आपसात भांडू द्यायचं नाही, असं कारण तुम्ही दिलंत. पण कौतुकाची पत्रं तुम्ही कायम छापत आलात. आता दार लावलंत ते हिशोब मागणाऱ्यांसमोर.

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. पॉवर केबलच्या प्रत्येक परीक्षणात किमान 16 झाकलेल्या फेऱ्या घ्या आणि किती बरोबर आल्या तो आकडा छापा. निकाल काहीही लागो. परीक्षणाचा बाकी मजकूर जसा लिहिता तसा लिहा, त्याला माझी हरकत नाही.

2. केबल बदलणारा आणि ऐकणारा एकमेकांना दिसता कामा नयेत. आवाजाची पातळी मीटरवर जुळवलेली असावी.

3. उत्तीर्ण होण्याचा आकडा चाचणीआधी ठरवा. 16 पैकी 12 हा रूढ आकडा आहे, नुसत्या नशिबावर तो 100 त साधारण चारदा येतो. पण 20 जणांनी चाचणी दिली तर त्यांतल्या निदान एकाला नशिबाने 12 मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. म्हणून ज्याला मिळतील त्याची चाचणी पुन्हा घ्या. एकट्या त्याचंच नाव मोठं करून छापू नका.

4. दोन्ही केबलचा रोध आणि ॲम्पच्या आउटपुटचा गोंगाट मोजून शेजारी शेजारी द्या. जमलं तर दोन्ही केबलवर तोच तुकडा रेकॉर्ड करा, एक उलटा करून दुसऱ्यात मिसळा, म्हणजे दोन्हींत सारखं असेल ते नाहीसं होईल, आणि काय उरतं ते दाखवा. एकाच केबलवर दोनदा रेकॉर्ड केल्यावर जे उरतं, तेही त्याच्या बाजूला ठेवा.

5. केबल कुठून आली आणि आता कुठे आहे, हे परीक्षणाखाली एका ओळीत लिहा.

6. ‘ज्याला ऐकू येत नाही त्याचा कान तयार नाही’ हे वाक्य मागे घ्या. त्यासाठी संपादकीयात दोन ओळी पुरेत.

7. पत्रव्यवहार उघडा आणि माझं दुसरं पत्र छापा. पहिलं ज्या चौकटीत होतं, तेवढ्याच चौकटीत.

कुणी जाड केबल घेऊच नये, असं मी म्हणत नाही. एखाद्याला तिची वीण आवडते, प्लगची घडण आवडते, ॲम्पमागे ती शोभून दिसते. त्याने जरूर घ्यावी, आणि मासिकाने ती शोभेसाठी आहे असं लिहावं. तिच्यामुळे जवारी उलगडते असं लिहायचं असेल, तर चादर टाकून ऐकलेलं लिहावं.

एकाच मॉडेलचे ते दोन ॲम्प, रिले, ती जाड केबल, खोक्यातली साधी केबल आणि मुलीची वही, सगळं माझ्याकडे जपून ठेवलंय. तुमचा कुठलाही समीक्षक, त्याच्या सोयीचा दिवस, त्याची खोली, त्याचे स्पीकर, त्याचं संगीत. त्याची स्वतःची केबल आणली तर उत्तमच. मी सामान घेऊन येईन, मांडून देईन आणि बाहेर जाऊन बसेन. 16 पैकी 12 आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा 16 घेऊ. तेव्हाही आले, तर मी तुम्हाला तिसरं पत्र लिहीन, आणि ते छापायला तुम्हाला अडचण येणार नाही.

मुलीने वहीत पुढच्या फेऱ्यांसाठी पानं कोरी ठेवली आहेत. तारीख कळवा.

कळावे,

आपला,
एक जुना वर्गणीदार, ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा